गोड न लागलेली दिवाळी

लोक मुंबईला जातात ते समुद्र बघायला, राणीच्या बागेतला हत्ती बघायला, नाहीतर नोकरी शोधायला. मी गेलो तो पाला चघळायला. परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटेल तो विचारतो, "काय मास्तर, मुंबईत काय काय पाहिलंत?" मी समुद्रसुद्धा पाहिला नाही म्हटलं की माझ्याकडे दयेने बघतो. म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढतो. म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको, आणि प्रत्येकापाशी वेगळी थापही मारायला नको.

सुरुवात झाली आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्यांनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली, एकदा नळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, गोडबोले हे आडनाव तुम्ही फारच मनावर घेतलेलं दिसतंय." मला मधुमेह झाला होता. रोज सकाळी जेवणाआधी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, आणि तेही बहुधा जन्मभर.

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. गंधकाम्लाची बरणी मी बोलता बोलता उचलतो. प्रयोगाने सिद्ध होत नाही ते खरं मानू नका, असं मुलांना बजावतो. पण सुई दिसली की माझ्यातला शास्त्रज्ञ मागच्या दाराने पसार होतो आणि खुर्चीवर नुसतं धोतर आणि कोट उरतो. माझी बायको सुमन मात्र पक्की. तिने डॉक्टरांकडून सुई टोचायचं शिकून घेतलं आणि सराव म्हणून मोसंब्यांत पाणी टोचायला लागली. पंधरवडाभर आमच्या घरातल्या मोसंब्यांना रोज सकाळी नेमाने इंजेक्शन मिळत होतं, मला सोडून.

अशा वेळी मला अण्णामामा आठवले. अण्णामामा म्हणजे सुमनचे सख्खे मामा. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त होऊन बोरिवलीला वाडी करून राहिलेले. त्यांना कित्येक वर्षांपासून हाच विकार. पण त्यांनी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही, सुई घेतलेली नाही. रोज एका वेलीचा पाला चघळतात आणि ठणठणीत आहेत, असं सुमनचं सगळं माहेर सांगत होतं. आमच्याकडे त्या वेलीला बेडकीचा पाला म्हणतात. मुंबईकडे गुडमार म्हणतात. गुड म्हणजे गूळ. त्याला मारणारा तो गुडमार. बेडकीच्या पाल्यावर भिस्त ठेवायला मला जरा कमीपणा वाटला असता, पण गुडमार या नावात मला एकदम शास्त्र दिसायला लागलं.

मी सुमनपुढे करार ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचं. भाऊबीज तिच्या भावाकडे मुलुंडला, तिथून अण्णामामांकडे बोरिवलीला. तोवर मी पाला खाणार. बोरिवली सोडायच्या आधी माझी लघवी तपासायची. निळी आली तर सुई कायमची रद्द. विटकरी आली तर तिथेच, त्याच दिवशी सुई.

ही निळ्या-विटकरीची भानगड सांगायला हवी. एक निळं द्रावण असतं. ते परीक्षानळीत घेऊन त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर हिरवट, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच असेल तर विटेसारखं लाल होतं. वर्गात मी हा प्रयोग ग्लुकोजवर करून दाखवतो. विटकरी रंग आला की मुलं टाळ्या वाजवतात.

सुमनने करार मान्य केला. मात्र ट्रंक भरताना तिने सिरिंजची पत्र्याची डबी आपल्या रेशमी साडीच्या घडीत ठेवलेली मी पाहिली. इन्शुलिनची बाटली उन्हात खराब होते, ती लागली तर तिकडेच घेऊ, असंही म्हणाली. "लागली तर" हे शब्द तिने फार मऊ आवाजात उच्चारले.

घाटकोपर

घाटकोपरला माझा चुलतभाऊ वसंता राहतो. टेकडीच्या पायथ्याशी चाळ, खाली विहीर, पलीकडे मोकळं रान. मुंबई म्हणजे नुसती घरांवर घरं, अशी माझी समजूत होती. इथे सकाळी मोर ओरडत होता. वसंता फोर्टातल्या एका कचेरीत कारकून आहे आणि मुंबईकर झाल्यापासून पुढचं-मागचं न बघता बोलतो.

"सुईला घाबरतोस? यार, लाज काढलीस घराण्याची," तो म्हणाला. "आणि पाल्यासाठी एवढा खर्च करून आलास? साताऱ्यात झाडं नाहीत?"

"ताजी वेल बोरिवलीला आहे रे. तोपर्यंत वाळलेला पाला कुठे मिळेल?"

तो मला काष्ठौषधी विकणाऱ्या एका दुकानात घेऊन गेला. दुकान चिंचोळं, पोत्यांतून मुळ्या, साली, सुकलेली फुलं. मालकाने एक पुडी बांधली आणि गुजराती वळणाच्या हिंदीत कानमंत्र दिला, "पहिला पाला चबाव, पीछे साखर खाव. फिर बोलो."

घरी येऊन मी पाला चघळला. चव कडवट, गवतासारखी. मग चिमूटभर साखर तोंडात टाकली. वाळू. नुसती वाळू दाताखाली करकरत होती. गुळाचा खडा चघळला, तो चिकणमातीसारखा विरघळला. मीठ मात्र खारट लागत होतं आणि मिरची तिखट. म्हणजे जीभ जागेवर होती, फक्त गोड तेवढं नाहीसं झालं होतं. मी आनंदाने उठून उभा राहिलो. वसंतानेही चघळून पाहिला. थोड्या वेळाने वहिनींनी चहा आणला, आणि एक घोट घेऊन वसंता त्यांच्यावर खेकसला, "साखर घालायला काय झालं तुला?" आपणही पाला खाल्लाय हे तो विसरूनच गेला होता. वहिनींनी साखरेचा डबा त्याच्यापुढे आदळला.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसून सर्वांना समजावून सांगितलं. या पाल्यात एक आम्लधर्मी द्रव्य असतं. ते जिभेवरच्या गोडाच्या जागा अडवून बसतं. जिभेवरच ज्याचा असा नायनाट होतो, त्या साखरेचं पोटात गेल्यावर काय होत असेल? तिथेही तेच. सरळ आहे.

"डोळे मिटून भिंतीवर आपटलात तर भिंत मऊ लागते का हो?" सुमनने विचारलं.

मी म्हटलं, हा प्रश्न पदार्थविज्ञानातला आहे, माझा विषय रसायन. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत दिवा पेटवून तपासणी केली. रंग हिरवट आला. हिरवा म्हणजे निळ्याच्या शेजारचा, असं मी सुमनला सांगितलं. तो पिवळ्याच्याही शेजारचा असतो हे तिने मला सांगितलं. साताऱ्यात मी एक महिना बिनसाखरेच्या जेवणावर काढला होता, त्याचा तो परिणाम असेल, हे मात्र आमच्यापैकी कोणीच बोललं नाही.

मुलुंड

मुलुंडचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. दोन्ही बाजूंना बैठी घरं, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि तगर. मेहुणे माधवराव यांचं घर असंच. हवा इतकी चांगली की आजारी माणसं इथे बरी व्हायला येऊन राहतात, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मीही त्यासाठीच आलोय.

आता आग्रहाबद्दल लिहायला हवं, कारण माझी पुढची सगळी फजिती आग्रहातून झाली. आमच्या साताऱ्याकडे आग्रह असतो, पण तो तोंडी असतो. ताटावर हात आडवा धरला की वाढणारी बाई थांबते, "असं काय हो," म्हणते आणि पुढच्या पानाकडे वळते. मुलुंडला हात आडवा धरला तर हाताच्या पाठीवर वाढतात. शिवाय मी भाऊबीजेला आलेल्या बहिणीचा नवरा. माझ्या पानात जागा दिसणं हा त्या घराचा अपमान होता. मधुमेह झालाय असं सांगावं तर माधवरावांच्या पत्नी म्हणाल्या, "सणासुदीला काही होत नाही, भावोजी."

पण यंदा मला भीती नव्हती. पानावर बसायच्या आधी मी अंगणात जाऊन पाला चघळून आलो होतो.

मग मी खाल्लं. अनारसा तुपात भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखा लागला. बासुंदी म्हणजे वेलदोड्याचा वास येणारं दाट दूध. करंजीतलं सारण लाकडाच्या भुशासारखं. जिलबी तर नुसती आंबट रबर. यात मला सुख कसलं? काही नाही. आणि जे खाताना सुख नाही ते पथ्य मोडलं असं कसं म्हणणार? मी वाढतील ते घेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे वाढणाऱ्याचा हात दुखला. माधवराव कौतुकाने बघत होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. फराळाचं ताट दुपारी आलं, संध्याकाळी आलं, शेजारच्यांनीही पाठवलं. प्रत्येक ताटाआधी मी अंगणात जाऊन यायचो. वहिनींना वाटलं, भावोजींना झाडांची फारच आवड आहे.

सुमनने मला विहिरीजवळ गाठलं.

"किती गोड खाल्लंत?"

"काहीच नाही. शपथेवर सांगतो, गोड काहीच लागलं नाही."

"लागलं नाही ते राहू दे. खाल्लंत किती?"

"अगं, तेच तर. लागलंच नाही तर ते गोड होतं हे कशावरून ठरवायचं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोर धरून पाणी शेंदायला लागलो. तिथे मुक्काम असेपर्यंत मला सारखी तहान लागत होती. माठाशी माझा घरोबा झाला होता. पायात गोळे येत होते, डोकं जड होतं. मी मुलुंडच्या पाण्याला दोष दिला. आणि भावाच्या घरी ऐन सणात मोरी अडवून लघवी उकळत बसणं बरं दिसत नाही, या सबबीवर तपासणीही टाळली. सबब मला स्वतःला इतकी पटली की मी ती दोनदा सांगितली.

अंधेरी

मुलुंडहून दादरला गाडी बदलून बोरिवलीला जाताना आम्ही मधेच अंधेरीला उतरलो, कारण सुमनला सिनेमाचं चित्रीकरण बघायचं होतं. स्टुडिओच्या भिंतीच्या फटीतून आम्हाला एक राजा दिसला. मुकुट मांडीवर ठेवून तो स्टुलावर बसला होता आणि बशीतून चहा पीत होता. बराच वेळ वाट पाहिली, पण त्याने दुसरं काही केलं नाही. मला तो राजा फार आवडला. बशीतल्या चहात साखर असणार, हेही मनात आलं.

परत स्टेशनाकडे निघालो तर रस्त्यात नाका लावलेला. दारूबंदीचे दिवस, पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाठोडी बघत होते. हवालदार मालवणकडचा असावा. त्याने आमची ट्रंक उघडायला लावली.

"ह्या बाटलेत काय आसा?"

"स्पिरिट. दिव्यात घालायचं."

त्याने बूच काढून वास घेतला. "दिव्यात घालूक म्हणान सगळेच सांगतत. मगे दिवो पोटात पेटता. धंदो काय तुमचो?"

"मास्तर आहे मी. साताऱ्याचा."

"मास्तर आणि ह्यां घेवन फिरतास? आणि ही निळी कसली?"

"ती लघवी तपासायची."

"कोणाची?"

"माझीच."

हवालदाराने निळी बाटली दोन बोटांनी धरून परत ट्रंकेत ठेवली आणि हात पँटला पुसला. थोडा विचार केला. मग म्हणाला, "बरां. खरां बोलतास तर करून दाखवा. दिवो लावा, तपासा. खरां निघाला तर तुमची बाटली तुमका."

माणूस न्यायी होता. मागे एक पडकी भिंत होती, आडोसा होता. सुमन लगेच म्हणाली, "दाखवा ना. मुलुंडला तपासायचं राहूनच गेलंय."

माझ्या डोळ्यांपुढे मुलुंडचे अनारसे ओळीने उभे राहिले. त्यांच्या मागे करंज्या, बासुंदी, शेजारच्यांची ताटं. मी घसा साफ केला. "हवालदारसाहेब, कायदा म्हणजे कायदा. मी शिक्षक आहे. मला सवलत नको. तुम्ही बाटली जप्त करा."

"अवो, पण मी सोडतंय ना तुमका."

"नाही, नाही. घ्याच तुम्ही."

"मास्तरांनू, घेवन जावा ती बाटली."

"माझ्याखातर घ्या," मी म्हटलं, आणि ती त्याच्या हातात कोंबली. अगदी मुलुंडच्या पद्धतीने आग्रह केला. शेवटी त्याने वैतागून ते स्पिरिट गटारात ओतलं आणि रिकामी बाटली मला दिली. आपल्या नोकरीत त्याने असा गुन्हेगार पाहिला नसावा.

फलाटावर बाकावर बसल्यावर सुमन म्हणाली, "तुम्ही सुईला भिता हे मला ठाऊक होतं. तुम्ही रंगाला भिता, हे आज कळलं."

मला ते लागलं. मी रिकामी बाटली परत ट्रंकेत ठेवली.

बोरिवली

बोरिवलीला उतरलं की मुंबई संपल्यासारखी वाटते. स्टेशनाबाहेर टांगे, मग भाताची खाचरं. कापणी झाली होती, पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. पूर्वेला कान्हेरीच्या डोंगराची निळी रांग. ताडांच्या ओळी, म्हशींचे तबेले, आणि सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास. साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं.

अण्णामामा फाटकाशीच उभे होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, अंगात सदरा आणि पाय अनवाणी. "या, जावईबापू. सुमे, वाळलीस गं तू." मामी हसून आत चहा टाकायला गेल्या. मामांनी मला चहासुद्धा घेऊ दिला नाही, आधी कुंपणापाशी नेलं. "ही बघा आपली धन्वंतरी."

वेल कुंपणावर चढली होती. पानं मऊ, लवदार, आणि पानांच्या बगलेत बारीक पिवळ्या फुलांचे घोस. एवढ्याशा फुलांकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. तिच्या शेजारी अडुळसा होता, सदाफुली होती, टोकाला पिवळी कण्हेर. मी मास्तर, बोलल्याशिवाय राहवेना. अडुळशाच्या पानातलं द्रव्य कफ सुटा करतं. कण्हेरीच्या बीतलं द्रव्य हृदयावर चालतं, आणि थोडं जास्त झालं तर हृदयच थांबवतं. या बिचाऱ्यांना जागचं हलता येत नाही, म्हणून खायला येणाऱ्या किड्यांसाठी पानापानांत काहीतरी कडू, काहीतरी विषारी करून ठेवतात. आपण त्यांच्या शिव्या गोळा करतो आणि त्यांना औषध म्हणतो. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं, आणि त्याचा अर्थ काय होतो हे पाहायला मी अजिबात थांबलो नाही.

मामांनी मूठभर पाला तोडून तोंडात टाकला, मामींकडून साखर मागवली आणि माझ्यादेखत चमचाभर फस्त केली. "वाळू," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं. हवं ते खातो."

"आणि त्रास काहीच नाही?"

"पूर्वी होता. तळपायांची आग व्हायची. निखाऱ्यावरून चालल्यासारखी. रडकुंडीला यायचो. पाला सुरू केला आणि हळूहळू आग गेली. आता काट्याकुट्यातून चालतो, कळतसुद्धा नाही."

मी भारावलो. पाला उपाशीपोटी घेता की जेवल्यावर, असं मी विचारलं. माझ्या धंद्याला कलंक म्हणजे हा प्रश्न. विचारायचा होता तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला डोंगराकडच्या रानात घेऊन गेले. तिकडच्या वेलीचा पाला जास्त कडक असतो म्हणे. ते पुढे अनवाणी झपाझप, मी मागे वहाणा सांभाळत, आणि सुमन आमच्या दोघांच्या मधे. बोरीबाभळीचं रान, सुकलेलं गवत. मामांचा उत्साह पाहून मला माझ्या पायांतल्या गोळ्यांची लाज वाटत होती. पाला भरपूर मिळाला. परत आलो तेव्हा मामींनी ओटी नुकतीच सारवली होती.

मामा झोपाळ्यावर जाऊन बसले. मी उंबऱ्यापाशी वहाणा काढत होतो, तोच मामी म्हणाल्या, "रक्त कुणाचं?"

ओल्या सारवणावर फाटकाकडून झोपाळ्यापर्यंत लाल ठसे उमटले होते. मी पहिल्यांदा माझे पाय पाहिले. सुमनने तिचे. मामा झोपाळ्यावरून सांगत होते की यंदा पेरूला बहर चांगला आहे. त्यांच्या टाचेतून रक्त गळत होतं.

सुमनने त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा होता, मोडलेला, आत पार रुतलेला. तिने डोक्यातला आकडा काढून मला दिला. ती पाय धरून होती, मी काटा उपसत होतो. काटा निघाला तो बोटाच्या पेराएवढा. आणि तेवढा सगळा वेळ मामा बोलत होते. पेरूचं बोलणं संपवून ते चिकूवर आले. एकदाही थांबले नाहीत, एकदाही त्यांचा आवाज हलला नाही.

काट्याच्या शेजारी, अंगठ्याखाली, एक जुनी जखम होती. काळपट, खोल. तिला वास येत होता.

"मामा, हे कधीचं?"

"कुठलं?" त्यांनी वाकून पाहिलं. "असेल काहीतरी. दुखत नाही ना. पाल्याचा गुण, जावईबापू."

हा माणूस ठणठणीत आहे हे ऐकून मी साताऱ्याहून आलो होतो. हा माणूस म्हणजे माझा सगळा पुरावा होता. वर्गात एखाद्या मुलाने असा पुरावा आणला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी मामींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना पूर्वीच शंका आली असावी.

"मामा, उद्या दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"कशाला? ते सुया टोचतात." एवढा उंच माणूस एकदम लहान दिसायला लागला. "मी नाही येणार."

त्यांच्या त्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसला, आणि तो मला आवडला नाही. मी म्हटलं, "मी आधी घेतो. तुम्ही नुसते बघा." तोंडातून शब्द गेल्यावर काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. सुमनने ट्रंक उघडून डबी तेवढी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोघांची लघवी तपासायला दिली. कंपाउंडर दोन नळ्या घेऊन आला, पण कोणाची कुठली याची खूण करायला विसरला होता. डॉक्टर म्हणाले, "यातली तुमची कुठली?" दोन्ही विटकरी होत्या. मी वर्षानुवर्षं हा रंग ओळखायला शिकवतोय. मला फरक सांगता आला नाही. जन्मात पहिल्यांदा या रंगावर टाळ्या वाजल्या नाहीत.

मी पाल्याबद्दल सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "पाल्यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "लोक त्यावर काम करताहेत, उद्या त्यातून औषध निघेलही. पण तो जिभेवर जे करतो तेच रक्तात करतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुमन माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

मग डॉक्टरांनी मामांना टेबलावर झोपवलं. "वर छताकडे बघा. मी तळव्याला टाचणी लावतो. कळलं की सांगा."

मामांनी दात आवळले, टेबलाची कड घट्ट धरली आणि छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी टाचेला टाचणी टोचली. मग चवड्याला. मग बोटांना, एकेक करून. मी बघत होतो. मामा छताकडे पाहत वाट बघत होते.

"करा की डॉक्टर," ते म्हणाले. "माणसाला असं टांगून ठेवू नका."

डॉक्टरांनी टाचणी बशीत ठेवली. "झालं, आजोबा."

"झालं?"

"हो."

मामा उठून बसले. त्यांनी पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. बारीक लाल ठिपके होते. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"आग गेली नव्हती," डॉक्टर हळू म्हणाले. "कळायचं गेलं. अंगठ्याचं मी आज सांगू शकत नाही. पाय वाचवू. पण सुई आजच सुरू करायची."

मामांनी माझा हात धरला. "आधी जावईबापूंना द्या," ते म्हणाले. "त्यांनी कबूल केलंय."

कंपाउंडरने पुढे केलेली सुई सुमनने परत केली आणि आपली डबी उघडली. तिने सिरिंज उकळून घेतली, औषध भरलं, उजेडात धरून बुडबुडा काढला. मी बाही वर केली आणि मान फिरवली. तिने एका हाताने माझा दंड चिमटीत धरला आणि टोचलं.

मी ओरडलो. दवाखान्याबाहेर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असा ओरडलो. मोसंब्यांना टोचताना ती फार हळुवार असायची.

"दुखलं का?" मामांनी विचारलं.

"दुखलं."

"खूप?"

"चांगलंच. अजून दुखतंय."

मामा माझ्या दंडाकडे बघत राहिले. मग आपल्या तळव्याकडे पाहिलं.

"नशीबवान आहात," ते म्हणाले, आणि सदऱ्याची बाही वर सारून हात सुमनपुढे धरला.